वादळवीराच्या एकेचाळीस चुका

वादळवीर तीन वेळा जन्मला होता, हे मी सातवीत असताना सिद्ध केलं. ते सिद्ध करण्याच्या नादात तो माझ्या हातून कायमचा संपायची वेळ आली होती. ती हकीकत इथे सांगते.

वादळवीर कोण, हे आधी सांगायला हवं, कारण माझ्या दोन्ही मुलांनाही तो ठाऊक नाही. दर तीन महिन्यांनी पुण्याहून एक मराठी कॉमिक निघायचं, बत्तीस पानांचं. त्यातला हा नायक. अंगाला घट्ट निळा पोशाख, पाठीवर पिवळं उपरणं, आणि पोशाखावरून लाल चड्डी. तो वाऱ्यावर स्वार व्हायचा, पुलावरून घसरणारी एस.टी. एका हाताने धरायचा आणि दुष्टांना आधी उपदेश करून मग मारायचा. उपदेश सरासरी दीड पानाचा असे. तोवर दुष्ट पळून का जात नसत, हा प्रश्न मला तेव्हाही पडलेला होता, पण ती चूक म्हणता येत नाही. तो त्यांचा स्वभाव झाला.

आमचं घर इंदापुरात. पुढची खोली म्हणजे अब्बांचं शिलाईचं दुकान, मागे आम्ही. दुकानात दोन मशिनं होती. मोठं मशिन चाललं की भिंतीवरच्या मांडणीतल्या पितळी वाट्या किणकिणायच्या, आणि ते थांबलं की अम्मी आतून विचारायची, "का वं, दोरा तुटला का?" कोळशाची इस्त्री तापली की साऱ्या घरात एक कोरडा, चांगला वास भरायचा. जूनमध्ये गणवेशांची घाई असली की जेवणसुद्धा कापडांच्या ढिगांमध्ये जागा करून व्हायचं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कधीमधी उजनीचा मासा. माशाच्या दिवशी अब्बा कुठल्याही कापडाला हात लावत नसत. साबणाने तीनदा हात धुऊनही लावत नसत. "गिऱ्हाईक लग्नाला जाणार, आन शर्टाला चिलापीचा वास? न्हाय जमायचं."

अब्बांचा काटेकोरपणा इंदापुरात प्रसिद्ध होता. त्यांच्या मापवहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असे आणि त्यावर जुनं माप न खोडता त्याखाली नवं लिहिलेलं असे. माणूस कसा वाढत गेला, हे त्या वहीत बोट फिरवून वाचता यायचं. आणखी एक त्यांची सवय म्हणजे चोरखिसा. गिऱ्हाइकाने मागो न मागो, प्रत्येक पँटच्या कमरेच्या आत उजव्या बाजूला ते एक छोटा खिसा शिवायचे. त्याला तीन कोनी झाकण आणि झाकणाला एकच टिचबटण. "पाकीट मारलं जातं, चोरखिसा न्हाय," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

मोजण्याची खोड मला तिथूनच लागली. आज बारामतीत आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्या मीच मोजते. नवरा चौथीला गॅस बंद करायला उठला, की ही तिसरीच आहे, पहिली फुसकी होती, ती धरायची नाही, असं मी त्याला बसल्या जागेवरून सांगते. तो अठ्ठावीस वर्षांत एकदाही जिंकलेला नाही.

वादळवीर आमच्या घरी आला तो रद्दीतून. बारामतीला माझ्या मामूचं रद्दीचं दुकान होतं. अब्बांना कॉलर आणि बाही कापण्याचे नमुने करायला जाड कागद लागायचा, म्हणून मामू महिन्यातून एकदा रद्दीचं पोतं घेऊन यायचा. त्यात कॉमिक असायची. ती मी अब्बांच्या कात्रीच्या आधी गाठायची, असा आमच्यात अलिखित सामना होता. नवव्या अंकात मी हरले. त्या अंकातल्या दुष्टाच्या पोटात शर्टाच्या कॉलरच्या आकाराचं भोक आहे, आणि मागच्या पानावर वादळवीर आपल्या आईचा निरोप घेतो तिथे आईला डोकं नाही.

दोन वर्षांत माझ्याकडे पस्तीसच्या पस्तीस अंक जमले. मग मी दोनशे पानी वही घेतली आणि वादळवीराचा इतिहास लिहायला बसले. जन्मापासून सुरुवात करावी म्हटलं, आणि तिथेच अडले. पहिल्या अंकात तो मेंढपाळाचा मुलगा, माळावर अंगावर वीज पडून त्याला शक्ती मिळते. चौदाव्या अंकात तो एका शास्त्रज्ञाचा मुलगा, प्रयोगशाळेत चुकून निळं औषध पितो. सत्ताविसाव्या अंकात तो तांब्याच्या हंड्यात बसून आभाळातून पडतो. आई पहिल्या अंकातही मरते आणि सोळाव्यातही.

माझी मैत्रीण सुलू हिला पहिल्या जन्माबद्दल शंकाच नव्हती. ती डाळजची, शाळेसाठी आत्याकडे इंदापुरात राहायची. तिच्या घरी पूर्वी मोठा कळप होता, आता ऊस होता, पण आजोबांनी सहा मेंढरं हट्टाने ठेवली होती.

"त्यो आमच्यातलाच हाय," ती म्हणायची. "बाकीचं समदं मागनं घुसडलंय."

"चौदाव्या अंकात स्पष्ट लिहिलंय."

"लिहिनात का. प्रयोगशाळेतलं पोरगं असं उन्हातान्हात हिंडतंय व्हय? दुसऱ्या दिशी सर्दी झाली असती."

इतिहास बाजूला राहिला आणि वहीत चुकांची यादी सुरू झाली. दुसऱ्या अंकात तो डावखुरा, सहाव्यात उजवा. त्याचं गाव नदीच्या उत्तरेला, मग दक्षिणेला. मी पट्टीने त्याची कंबरसुद्धा मोजली. उंची आठ सेंटिमीटर धरली, तर पहिल्या अंकात कंबर एक सेंटिमीटर होती, ती पस्तिसाव्यात सव्वा झालेली. चूक अडतिसावी अशी होती, की तेहतिसाव्या अंकात वादळवीर कमरेच्या आतून किल्ली काढतो. इतक्या घट्ट पोशाखाला खिसा आला कुठून? मी ते चित्र अब्बांना दाखवलं. त्यांचा त्या पोशाखावर आधीपासूनच राग होता. "ह्यो घालतो कसा? चेन न्हाय, बटन न्हाय. आन चड्डी वरनं! ज्यानं शिवली त्याला विचारायला पायजे." पण किल्लीच्या चित्राशी ते थबकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद नाकाशी धरला.

"तीन कोनी झाकण. टिचबटन. रेहाना, ही आपली शिलाई हाय."

अब्बांना जगातली प्रत्येक नीट शिवण आपली वाटायची, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

यादी एकेचाळीसवर थांबली. ती मी स्वच्छ अक्षरात उतरवून, अंक आणि पान क्रमांकासह, कॉमिकच्या मागे छापलेल्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवली. खाली 'आपली विश्वासू' लिहिलं. तीन आठवड्यांनी टंकलिखित पोस्टकार्ड आलं. 'आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली असून संबंधितांकडून खुलासा मागवला आहे.' आमच्या घरात पुण्याहून टाइप केलेलं काही येण्याची ती पहिलीच वेळ. अम्मीने शेवयांची खीर केली. अब्बांनी ते कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलं. पँट घालून बघणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्या पोटाशेजारी ते वाचावं लागायचं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी वाघोले सर दुकानात आले. आमचे चित्रकलेचे शिक्षक. शाळेत कॉमिक आणायला बंदी होती, आणि ती सर्वांत कडकपणे पाळणारे शिक्षक म्हणजे हेच. बाकापाशी आवाज न करता यायचे आणि भूगोलाच्या पुस्तकातून कॉमिक अलगद ओढून घ्यायचे. माझी चार त्यांनी नेली होती. वर्षअखेरीला परत मात्र नेमाने करायचे.

"मास्तर, कंबर जरा सोडून द्या," सर हळूच म्हणाले. "आत्ताच मिळेल का? दुसरी पँट धुवायला टाकलीय."

अब्बांनी त्यांना आपली चौकड्याची लुंगी दिली. सर पडद्यामागे जाऊन आले. वर इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, खाली लुंगी. ते स्टुलावर गुडघे जुळवून बसले. अब्बांनी ब्लेडने शिवण उसवायला घेतली, मी चहा आणून दिला. गिऱ्हाईक बसलं की त्याच्याशी बोललं पाहिजे, हा अब्बांचा नियम.

"सर, तुमची ही इद्यार्थिनी लई हुशार हाय बघा. त्या वादळवीराच्या एकेचाळीस चुका काढल्या हिनं. पुण्याहून कार्ड आलंय. हितंच हाय, आरशाला."

सरांनी कार्ड वाचलं. कप बाजूला ठेवला. मग त्यांनी माझी वही मागितली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. कंबरेच्या मापांच्या पानाशी आले तेव्हा त्यांनी नकळत लुंगीची गाठ चाचपली.

"म्हणजे ते पत्र तू लिहिलंस," ते म्हणाले.

एखाद्याला असं बोलून झाल्यावर उठून निघून जावंसं वाटतं. सर अर्धे उठलेही. पण त्यांची पँट अब्बांच्या हातात उसवलेली होती आणि बाहेर रविवारचा बाजार भरला होता. ते पुन्हा बसले. अब्बांनी पँट उलटी केली, चोरखिशाचं तीन कोनी झाकण वर आलं, आणि ते सरांकडे बघत म्हणाले, "मी म्हनलंच हुतं. आपलीच शिलाई."

वादळवीर सरच लिहायचे आणि सरच काढायचे. पावणेनऊ वर्षं, फक्त रविवारी, दुसऱ्या नावाने. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. मी मापवही उघडली. अठ्ठावीस, तीस, साडेएकतीस, तेहतीस. जेव्हा जेव्हा अब्बांनी सरांची कंबर सोडली होती, त्याच्या पुढच्याच अंकात वादळवीरही सुटलेला होता.

"आरशात बघून काढतो," सर खाली मान घालून म्हणाले. "रविवारी दुसरा माणूस कुठून आणू?"

"आणि तीन जन्म, सर?"

"पुण्याहून पत्र आलं, मेंढपाळ नको, शास्त्रज्ञ करा. केला. मग आलं, शास्त्रज्ञ नको, आभाळातून येऊ द्या. आधी काय लिहिलं होतं ते बघायला माझ्याकडे अंक नसायचे. मिळणारा एकुलता अंक मी भाच्याला पाठवायचो. वर्गात जप्त करत होतो ते काय उगाच? पण तुम्ही पोरांनी चौदावा अंक कधी आणलाच नाही!"

त्यांनी शर्टाच्या खिशातून पत्र काढलं. महिनाभरात सर्व एकेचाळीस मुद्द्यांचा समाधानकारक खुलासा यावा. सोबत तक्रारदाराचं समाधान झाल्याचं लेखी पत्र जोडावं. तसं न झाल्यास हे पात्र मुंबईच्या दुसऱ्या चित्रकाराकडे सोपवण्यात येईल. महिन्यातले तेरा दिवस संपले होते.

"मी पुण्याच्या एस.टी.च्या खिडकीतून दिसणारं सगळं त्याच्यात घातलंय गं," सर म्हणाले. "भिगवणची पाखरं, कारखान्याची चिमणी. मुंबईचा माणूस त्याला इमारतींवरूनच उडवणार."

मला रडू आलं. माझी एकही चूक खोटी नव्हती, त्यामुळे माफी कशाची मागायची तेही कळेना. आजही कळत नाही. यादी बरोबरच होती.

अब्बांनी टीप मारून दोरा दाताने तोडला. "सर, माप चुकलं म्हनून आमी कापड फेकत न्हाय. जोड लावतो. फकस्त जोड असा लावायचा, का बघनाऱ्याला वाटावं ही नक्षीच हाय. पुढल्या रविवारी या. या खेपेला लुंगी न्हाय मिळायची, पँट घालूनच या."

पुढच्या रविवारी सर आले, सुलूलाही मी बोलावलं. पस्तीस अंक कापडाच्या ताग्यांवर मांडले. किरकोळ चुका भराभर मिटल्या. डावखुरा आणि उजवा? सहाव्या अंकाआधी त्याचा डावा हात मोडला होता, पाचव्यातल्या मारामारीत तसं दिसतंच. गाव नदीच्या दोन्ही बाजूंना? धरण झालं, गाव उठलं, पलीकडे बसलं. उजनीकाठच्या वाचकाला हे समजावूनसुद्धा सांगायला नको. कंबर? "वय झालं, लिहा," सर म्हणाले, आणि चोरखिसा अब्बांनी स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यायला लावला. पण जन्म काही मिटेना. तीन जन्म आणि दोनदा मेलेली आई. दुपार त्यात गेली. अम्मीने पडद्याआडून चौथ्यांदा चहा पाठवला.

सुलू ताग्यावर पाय हलवत बसली होती. "एवढं काय त्यात? आमचे आबा करत्यात की. मेंढीचं कोकरू मेलं आन दुसरं पोरकं असलं, तर मेलेल्याचं कातडं पोरक्याला बांधत्यात. मेंढी हुंगती, आपलंच हाय म्हनती, पाजती. मग त्या कोकराला इचारा, तुझी आई कंची?"

सरांनी पेन खाली ठेवलं. मशिनही थांबलेलं होतं, तरी अम्मीने दोऱ्याचं विचारलं नाही.

"आभाळातल्या आईनं हंड्यात घालून सोडला," सर हळू म्हणाले. "तो शास्त्रज्ञाच्या बायकोला सापडला. तिचं मूल नुकतंच गेलेलं..."

"त्याचं झबलं तिनं ह्याला घातलं," अम्मी पडद्यामागून म्हणाली.

"मग तो वादळात हरवला, आणि माळावर मेंढपाळणीनं उचलला," मी म्हटलं. "दोन आया मेल्या त्या वेगवेगळ्या. आणि तिघींनीही त्याला सांगितलं, तू माझ्याच पोटचा!"

"आन वीज माळावरच पडली," सुलूने बजावलं. "त्ये बदलायचं न्हाय."

सरांनी समोर पडलेला खडू उचलला आणि टेबलावरच चित्र काढायला सुरुवात केली. तीन बायका, तिघींच्या मध्ये एक पोर, प्रत्येकीचा हात त्याच्याकडे. चार-पाच रेघांत ते उभं राहिलं. मी आयुष्यात कुणाला इतक्या लवकर आनंदी होताना पाहिलेलं नाही.

"सर!" अब्बा ओरडले. "त्ये गिऱ्हाइकाचं पँटपीस हाय!"

मुदत संपायच्या चार दिवस आधी, शनिवारी, खुलासा तयार झाला. बावीस पानं. टपाल चारला निघायचं. सर माझ्या समाधानाचं पत्र घ्यायला तीनलाच आले. मी मजकूर पुन्हा वाचला आणि म्हणाले, "सर, एकेचाळिसावी राहिली."

एकतिसावा अंक. पान तीनवर उपरणं अडकवायचा आकडा डाव्या खांद्यावर, पान चारवर उजव्या. मारामारी तीच, क्षण तोच.

"त्यानं मधे बदलला," सर म्हणाले.

"मधे वेळच नाही, सर. पान तीनवर मूठ सुटते आणि पान चारवर लागते."

"आरशात दिसतंय असं लिही."

"तिथे माळ आहे. आरसा नाही."

"पोरी, सही कर की," अब्बा म्हणाले. एरवी अर्धा सूत इकडे-तिकडे चालू न देणारे माझे अब्बा! साडेतीन झाले. सही केली असती तर सर सुटले असते, ते मला दिसत होतं. पण समाधान झालं नसताना झालं असं लिहायचं, हे हाताला येतच नव्हतं. पेनाची शाई टोकाशी वाळली. सुलू म्हणाली, "ही अशीच हाय, सर. परीक्षेत शेजारी बसले तरी काय सांगत न्हाय."

सरांनी एकतिसावा अंक मांडीवर घेतला. दोन्ही पानं मागेपुढे उलटून पाहिली. मग म्हणाले, "ही चूकच आहे. त्या रविवारी मला पान लवकर संपवायचं होतं. मी बघितलंच नाही. चुकलो."

कुठल्या शिक्षकाने मला असं कधी म्हटलं नव्हतं. नंतरही नाही. मी लिहिलं, 'चाळीस मुद्द्यांचा खुलासा मान्य. एकेचाळिसावी चूक चित्रकाराने स्वतः कबूल केली आहे. माझं समाधान झालं आहे.' सही केली. चारला सात मिनिटं कमी होती. सर सायकलवरून टपालाकडे गेले ते शिक्षकाला न शोभणाऱ्या वेगाने.

छत्तिसावा अंक या वेळी रद्दीतून आला नाही. सर स्वतः घेऊन आले, छपाईचा वास ताजा असलेला, आणि काढणाऱ्याचं नाव तेच होतं. अब्बांनी हात पुसले, अम्मी पडद्याबाहेर आली. सातव्या पानावर, पूर्ण पानभर, त्या तीन आया होत्या. पेहराव वेगळे, चेहरे वेगळे, आणि मधलं पोर कुणाकडे बघतंय ते सांगता येत नव्हतं. सुलूने मेंढपाळणीवर बोट ठेवून कुणालाही उद्देशून नसलेलं "बघा" म्हटलं. मी मात्र सवयीप्रमाणे वही उघडून, पेन घेऊन, कोपऱ्यापासून चित्र तपासत निघाले, आणि एका जागी थांबले. मान वर केली तेव्हा सर माझ्याकडेच बघत होते. परीक्षेच्या निकालाकडे पोरं बघतात तसे.

"काय गं? आहे काही?"

"काही नाही, सर," मी म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

माझ्या हयातीत न नोंदवलेली तेवढी एकच. ती आज नोंदवते. अंक छत्तिसावा, पान सात. मेंढपाळणीच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत.